फॅटी लिव्हर: ग्रेड नव्हे, फायब्रोसिस पाहा

नमस्कार मंडळी. चतुर्थी आटोपल्यावर अनेक जण तपासण्या करून घेतात आणि मग "दारूला शिवतही नाही, तरी सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर कसे?" असे प्रश्न या चॅनलवर येऊ लागतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की चरबी यकृतात साठू लागते. मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) बहुधा सोबत असतात. अंगाने सडपातळ माणसालाही हे होते.

मला खरी काळजी वाटते ती "ग्रेड १ आहे, म्हणजे काही नाही" या समजुतीची. सोनोग्राफीतला ग्रेड चरबीचा अंदाज देतो. यकृत किती निबर झाले, म्हणजेच फायब्रोसिस किती, हे तो सांगत नाही. पुढचे आयुष्य मात्र फायब्रोसिसवरच अवलंबून असते.

एसजीपीटी (रक्तातील यकृताची एक तपासणी) नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होणारेही याच चुकीत सापडतात, कारण फायब्रोसिस पुढे गेलेला असतानाही ते नॉर्मल असू शकते.

म्हापशातील माझ्या दवाखान्यात आलेल्या ५२ वर्षांच्या एका शिक्षिकेचे आकडे पाहा: ग्रेड १, एसजीओटी (यकृताचीच दुसरी रक्ततपासणी) ४८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. वय गुणिले एसजीओटी, या गुणाकाराला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ या गुणाकाराने भागायचे, हा फिब-४ चा, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणाऱ्या आकड्याचा हिशेब. त्यांचा आकडा २.६ आला. १.३ पेक्षा कमी असेल तर धोका कमी, २.६७ च्या पुढे असेल तर जास्त. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. त्यांचा आकडा मधला, म्हणून त्यांना मी फायब्रोस्कॅनला, म्हणजे यकृताचा निबरपणा मोजणाऱ्या तपासणीला पाठवले. हेच ग्रेडवर सोडले असते तर त्या परत घरी गेल्या असत्या. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्याही याच वेळी कराव्यात.

कमेंटमध्ये बरेच जण विचारतात, मासे बंद करू का? मुळीच नको. हुमण (माशांची आमटी) ताटात राहू द्या. उकड्या शिताचा (भाताचा) दुसरा वाढा, तळलेले पदार्थ आणि शीतपेये कमी करा. वजन जास्त असेल तर ५ टक्के घटले तरी यकृतातील चरबी उतरते, ७ ते १० टक्के घटले तर सूजही ओसरते, आणि फायब्रोसिस मागे हटण्याची शक्यता १० टक्क्यांनंतर वाढते. बिनसाखरेची कॉफी चालते. "लिव्हर साफ करणारे" काढे मात्र कृपा करून घेऊ नका. काही वनस्पतींनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. फेणी आणि बिअरही टाळा.

फिब-४ कमी आला तरी दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा काढावा; मधुमेह असल्यास वर्ष-दोन वर्षांनी.