वैरण पडली की ओवी

(दृश्य: अंधार. फक्त जात्याची घरघर.)

मुळशीच्या डोंगरातलं घर. पहाटेचे पाच. जात्याशी बसलेली सत्तरी ओलांडलेली आजी, आणि कानाला हेडफोन लावून समोर मी. गावात गिरण येऊन जमाना झाला. हे जातं आता फिरतं ते लग्नातल्या हळदीपुरतं. आज माझ्यासाठी फिरतंय, आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या म्हणून, सुपातल्या दोन मुठी नाचणीवर.

हेडफोनमध्ये घरघर एवढी, की शब्द तिच्यात बुडत होते. म्हटलं, "आजी, जातं जरा थांबवा. नुसतंच म्हणा की."

आजीने खुंटा सोडला. दीड ओळ म्हटली नि अडली. परत सुरू केलं, परत तिथंच अडली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आरं लेका, हात हालला न्हाई तर आठवंल कसं?"

(दृश्य: जवळून. खुंट्यावरचा हात. जात्याच्या तोंडात पडणारी नाचणी.)

ओवी तशी दोन ओळींची. वहीत उतरवायला अर्धं मिनिट पुरतं. पण गाताना बाई अर्धी ओळ फिरून घेते, मध्ये 'गं बाई' पेरते, वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात दाण्यांची मूठ, घालायला एक हात सुटला की सूर लांबवते. शब्द कुठे ताणायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे त्या दगडाच्या फेऱ्यावर ठरतं. आणि मी तोच थांबवायला निघालो होतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी 1980च्या दशकात गावोगावच्या बायकांकडून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली, ती पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातूनच. पुढे हा साठा एक लाखाच्या वर गेला, हजाराहून जास्त गावांतला. पण वहीत चाल उतरत नाही. बायका चालीला 'गळा' म्हणतात. गळा कागदावर कसा मावणार? 1990च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले आणि डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रण झालं. 2017 पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावागावासकट. 'लोकगीत, कवी अज्ञात' असं छापून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

म्हणून मीही आधी तेच विचारलं: नाव, गाव, माहेर कुठलं. माहेर विचारल्यावर आजी पाच मिनिटं थांबलीच नाही. तेही ठेवलंय.

(दृश्य: जात्याखाली सरकवलेलं गोणपाट.)

आता जातं चालू. खाली घडी घातलेलं गोणपाट, मायक्रोफोन दगडापासून उचलून आजीच्या तोंडाच्या किंचित वर. घरघर मागे गेली, पण गेली नाही. पहिली ओवी देवाची. मग भाऊ, मग लेक. मघाशी दीड ओळीवर अडलेली ती ओवी सहाव्या फेऱ्याला आपसूक आली.

फाइल अकरा मिनिटांची आहे. चौथ्या मिनिटाला कोंबडी सुपात चोच घालते, आणि आजी खुंटा न सोडता, ओवीच्याच गळ्यात तिला हाकलते.

ते कापलेलं नाही.

(जात्याची घरघर. पडदा काळा.)