‘टाक’ची जोडी : रोजच्या डॅनिश बोलण्याविषयी

(डेन्मार्कमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसमोर कोपनहेगनला दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे भाषावर्ग सुरू झाले असतील. तिथे व्याकरण नीट शिकवतात, त्याची मला काळजी नाही. मी बोलणार आहे ते जेवणाच्या टेबलावरच्या, जिन्यातल्या, बेकरीच्या काउंटरवरच्या डॅनिशबद्दल. ऑर्हूसच्या एका वृद्धनिवासात मी बारा वर्षं काम केलं. मला जे डॅनिश येतं ते बरंचसं तिथल्या आज्यांनी शिकवलेलं आहे.

आम्ही इथे येऊन दोन महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने जेवायला बोलावलं. मला एक शब्द पक्का येत होता : ‘टाक’, म्हणजे धन्यवाद. बटाटे पुढे आले, टाक. सॉस आला, टाक. पाणी ओतलं, टाक. जेवण संपलं तेव्हा त्यांची सहा वर्षांची मुलगी खुर्चीवरून उतरायच्या आधी आईकडे बघून म्हणाली, ‘टाक फॉ मॅद.’ आई म्हणाली, ‘वेल्बेकॉमे.’ मग थोरला मुलगा, मग नवरा, मग आजी. प्रत्येकाने तेच म्हटलं आणि प्रत्येकाला तेच उत्तर मिळालं. मग सगळे एक क्षण थांबले. माझी पाळी होती आणि मला ते कळलंच नाही.

‘टाक फॉ मॅद’ म्हणजे जेवणाबद्दल आभार. आणि ‘वेल्बेकॉमे’चा मूळ अर्थ काय, तर ‘अंगी लागो’. मला हे कळलं तेव्हा माझे वडील आठवले. ते पानावरून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचे आणि आजी माजघरातून काहीतरी पुटपुटायची. म्हणजे ही रीत आपल्याला परकी नाही. आपण ती सोडली आणि यांनी घरातल्या सहा वर्षांच्या मुलीपर्यंत जपली, एवढाच फरक.

माझं आज सांगणं एवढंच आहे, की डॅनिशमध्ये सुटा शब्द शिकू नका, जोडी शिका. इथे शिष्टाचाराचं वाक्य म्हणजे टाळी असते, दुसरा हात पुढे यावा लागतो. ‘टाक फॉ मॅद’ला ‘वेल्बेकॉमे’. नुसत्या ‘टाक’ला ‘सेल टाक’, म्हणजे उलट तुमचेच आभार. ‘गो वीकेंड’ असं कुणी म्हटलं तर ‘ई ली मोद’, तुम्हालाही तसंच. वहीत लिहाल तेव्हा समोरासमोर दोन रकान्यांत लिहा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘टाक फॉ सिस्त’चा. शब्दशः ‘मागच्या वेळेबद्दल आभार’. तुम्ही कुणाकडे जेवायला गेलात, वाढदिवसाला गेलात, आणि नंतर त्यांची पहिल्यांदा गाठ पडली, की हे म्हणायचं. मग ती गाठ दोन दिवसांनी पडो की तीन आठवड्यांनी. आणि हे फक्त पाहुण्याने म्हणायचं नसतं. यजमानही म्हणतो, कारण त्याचीही ती संध्याकाळ तुमच्यामुळे छान गेलेली असते. मला जिन्यात शेजारीण ‘टाक फॉ सिस्त’ म्हणाली, तेव्हा मी ‘काही हरकत नाही’ अशा अर्थाचं काहीतरी बोलले. तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, मी ती संध्याकाळ निभावून नेली. खरं तर ‘सेल टाक’ एवढं पुरलं असतं. रोज ऑफिसात भेटणाऱ्यांना मात्र हे म्हणू नका. कामाचा दिवस संपताना त्यांच्यासाठी ‘टाक फॉ ई दे’ आहे, आजच्या दिवसाबद्दल आभार.

इंग्रजीतल्या ‘प्लीज’ला डॅनिशमध्ये सरळ एक शब्द नाही. त्यामुळे इंग्रजीतून येणाऱ्यांना डॅनिश माणसं उद्धट वाटतात. पण आपण मराठी माणसांनी तसं का म्हणावं? आपण घरात ‘कृपया मीठ द्या’ म्हणतो का? ‘जरा मीठ दे ना’ म्हणतो. डॅनिशमधला ‘जरा’ म्हणजे ‘ली’. लिहिताना तीन-चार अक्षरं दिसतात, ऐकू येतं ते एवढंच. दार लावायला सांगताना, मीठ मागताना, ‘एक मिनिट थांब’ म्हणताना हा ‘ली’ मधे घालायचा, की वाक्याची धार जाते. काउंटरवर मागताना शेवटी ‘टाक’ जोडायचं : ‘एक कॉफी, टाक.’ आभार आधीच देऊन टाकायचे.

अशीच दुसरी छोटी चीज म्हणजे ‘यो’. ‘तू येणार नाहीस का?’ या प्रश्नाला ‘या’, म्हणजे ‘हो’, असं उत्तर दिलंत तर ऐकणारा गोंधळतो. येणार असाल तर ‘यो’ म्हणायचं. मराठीत आपण काय म्हणतो? ‘येणार की!’ तो ‘की’ म्हणजे हा ‘यो’. वाक्याच्या मधे तोच ‘यो’ हळू आवाजात आला, तर त्याचा अर्थ ‘तुला माहीतच आहे ना’ असा होतो. शब्दकोशात हे शोधून फारसं हाती लागत नाही. पण ज्याच्या कानात ‘की’, ‘ना’, ‘च’, ‘तर’ लहानपणापासून बसलेत, त्याला हे लवकर जमतं.

आता आकडे. इथे सगळे रडकुंडीला येतात, आणि मला वाटतं आपण येऊ नये. पन्नासला डॅनिशमध्ये ‘हॅलत्रेस’ म्हणतात. त्याचं मूळ आहे ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा, अडीच. अडीच विसा पन्नास. आणि आपला ‘अडीच’ शब्द कुठून आला? संस्कृत ‘अर्धतृतीय’मधून. तीच कल्पना! सत्तर म्हणजे ‘हॅल्फ्येर्स’, अर्धा-चौथा गुणिले वीस. आपल्याकडे साडेतीनला जुना शब्द ‘औट’ होता, तो ‘अर्धचतुर्थ’मधून आला. म्हणजे औट विसा सत्तर. नव्वदला ‘हॅल्फेम्स’, साडेचार विसा. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना विसाच्या हिशेबात मोजताना तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. शिवाय पंचाहत्तर म्हणताना डॅनिश माणूसही आधी पाच म्हणतो, मग सत्तर, अगदी आपल्यासारखा. बेकरीत आकडा ऐकलात की मनात इंग्रजीत नेऊ नका, सरळ मराठीत आणा.

विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगते. बंगालमधलं श्रीरामपूर 1755 ते 1845 या काळात डॅनिश वसाहत होतं. तिथल्याच छापखान्यात 1805 साली विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं, आणि त्याला रोजच्या विषयांवरचे मराठी संवाद जोडलेले होते. डॅनिश झेंड्याखालच्या गावात परक्या माणसांना मराठी शिकवायचं तर नुसतं व्याकरण पुरणार नाही, बोलणंही द्यावं लागेल, हे त्यांना तेव्हा उमगलं होतं.

‘प्यूत’ हा शब्दही शिका. 2018 मध्ये इथल्या ग्रंथालयांनी घेतलेल्या मतदानात लोकांनी हा आवडता शब्द म्हणून निवडला. अर्थ : ‘जाऊ दे’. कप फुटला, बस चुकली, प्यूत. पण एक सांभाळा. हे स्वतःच्या नुकसानीबद्दल म्हणायचं, किंवा समोरच्याने आपलं काही सांडलं तर त्याला धीर द्यायला. आमच्या वृद्धनिवासात एका आजोबांचं लग्नातलं घड्याळ हरवलं होतं. कामाला नवीन आलेल्या मुलीने प्रेमानेच ‘प्यूत’ म्हटलं, आणि ते दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत.

उच्चाराबद्दल थोडंच सांगते, कारण तो ऐकूनच येतो. ‘मॅद’मधला ‘द’ आपला नाही. जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवा, मग तो ‘ल’सारखा ऐकू येईल. आणि काही शब्दांत घशात एक बारीकसा अडसर येतो, त्याला ‘स्तॉद’ म्हणतात. ‘हुन’ म्हणजे ती, आणि तोच शब्द अडसरासह म्हटला तर कुत्रा. म्हणून घाई करू नका.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘ऐंशी वर्षांच्या माणसालाही एकेरी हाक मारायची का? जीभ रेटत नाही.’ हो, मारायची. आदरार्थी ‘दी’ भाषेत आहे, पण 1960-70 नंतर रोजच्या बोलण्यातून ते जवळपास गेलं. राजघराण्यातल्या माणसांशी, क्वचित एखाद्या अगदी वृद्ध माणसाशी बोलताना ते ऐकू येतं. माझीही जीभ पहिले सहा महिने रेटली नाही. मी एका आजींना ‘दी’ म्हणत राहिले. एक दिवस त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, ‘मी तुला आवडत नाही का? इतकी लांब का उभी राहतेस?’ त्या दिवसापासून मी त्यांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणू लागले. आदर मी दुसरीकडे ठेवला. सकाळी पडदा उघडताना ‘ली’ म्हणून परवानगी घ्यायची, आणि निघताना ‘टाक फॉ ई दे’ म्हणायचं. त्या दर वेळी ‘सेल टाक’ म्हणायच्या, झोपेत असल्या तरी.