वकिलाविरुद्ध तक्रार: दार कुठलं, कागद कुठला

केस हरली की ‘आता याची सनदच (वकिलीचा परवानाच) घालवतो’ हे वाक्य पक्षकाराच्या तोंडी येतंच. पण हरलेल्या केसपायी सनद जात नाही. मुद्दा मांडताना चूक झाली, साधी गफलत झाली, एवढ्यानंही नाही. पक्षकाराचे पैसे दाबले, दाखल न केलेल्या दाव्याच्या खोट्या तारखा सांगितल्या, एकाच भांडणात आधी आपली बाजू घेऊन मग समोरच्याची घेतली, हे मात्र गैरवर्तन.

आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात पहिली ठेच लागते ती दार चुकल्यानं. शेती खानापूर-निपाणीकडे, सोयरीक चंदगड-गडहिंग्लजकडे आणि वकील दोन्हीकडचे. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 35 सांगतं, की ज्या राज्याच्या पटावर, म्हणजे वकिलांच्या नोंदणीच्या यादीत, वकिलाचं नाव, त्याच राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेकडे, तक्रार. केस बेळगावात चालली की कोल्हापुरात, हे बघायचंच नाही. वकीलपत्रावरचा नोंदणी क्रमांक बघा: ‘केएआर’ असेल तर बेंगळुरूची कर्नाटक बार कौन्सिल, ‘एमएएच’ असेल तर मुंबईची महाराष्ट्र आणि गोव्याची. तालुक्याची वकील संघटना फार तर समेट घडवेल. सनदेला तिचा हात पोचत नाही. ग्राहक मंचाचं दारही 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केलं.

दुसरी ठेच भाषेची. नियमाप्रमाणे तक्रार इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या राज्याची भाषा म्हणून जाहीर झालेल्या भाषेत चालते. म्हणजे बेंगळुरूला पाठवायची तर मराठीत लिहू नका. सीमाभागात मराठी कागदांचा आपला आग्रह आहे आणि तो रास्तही आहे, पण तो हक्क मागायची जागा ही नव्हे. मात्र तक्रारीखाली दाव्यासारखंच सत्यापन करून, म्हणजे मजकूर खरा असल्याचं लिहून, सही करायची असते. तेव्हा कन्नड मजकूर कुणाकडून तरी ओळ न् ओळ समजून घ्या. उलटतपासणीत ‘मला काय लिहिलंय ते ठाऊक नाही’ म्हणालात, की संपलं.

आता मजकूर. ‘वकिलानं आम्हाला लुबाडलं’ असं चार पानं लिहिलं तरी हाती काही लागत नाही. भूसंपादनाच्या भरपाईचंच घ्या. अमुक क्रमांकाच्या प्रकरणात अमुक तारखेला कोर्टातून इतकी रक्कम उचलली, मला अमुक दिवशी कळवलं, इतकी दिली, इतकी बाकी. बस्स. प्रत्येक वाक्याला एकेक कागद: रक्कम उचलण्याच्या आदेशाची नक्कल, पासबुकाचं पान, पावती. आणि तक्रारीआधी एक काम जरूर करा. वकिलाला पोचपावतीसह पत्र पाठवून हिशेब मागा. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर त्याची प्रत देणं हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलावर बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही तर तो मुद्दा आयताच तुमच्या बाजूला येतो.

वकिलानं फी म्हणून भरपाईत ‘शेकडा वीस’ ठरवून कोरा चेक घेतला असेल तर लोक ते लपवतात. आपणही त्यात अडकू असं वाटतं. पण निकालावर फी ठरवायची बंदी वकिलाला आहे. लपवू नका. फी राहिली म्हणून फाईल अडवून ठेवणं हेही गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्येच सांगितलंय.

तक्रार पोचली की वकिलाचं म्हणणं मागवतात. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जातं: दोघे कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरचा, किमान दहा वर्षं वकिली केलेला. राज्याच्या ॲडव्होकेट जनरलनाही (सरकारच्या मुख्य वकिलांनाही) नोटीस जाते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत समितीला दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत; पुरावा मात्र जवळजवळ फौजदारी खटल्यासारखा कसून बघतात. चौकशी एका वर्षात संपली नाही तर प्रकरण कलम 36-ब खाली दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निपाणीच्या शेतकऱ्याला बेंगळुरूच लांब, तिथं दिल्लीची काय कथा! म्हणून निदान तुम्ही स्वतः तारखा वाढवून मागू नका. मधेच पैसे मिळाले आणि तुम्ही माघार घेतली तरी तेवढ्या कारणावरून चौकशी बंद करता येत नाही. हे वकिलाला माहीत असतं, पक्षकाराला नसतं. तडजोडीला बसताना लक्षात ठेवा.

शेवटी चारच आदेश होऊ शकतात: तक्रार फेटाळणं, ताकीद, ठरावीक काळ सनद निलंबित करणं किंवा पटावरून नाव काढणं. पैसे परत देण्याचा आदेश या चारांत नाही. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो, आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची. कौन्सिलच्या निकालाची वाट बघत ती घालवू नका. निकाल विरुद्ध गेला तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात अपील आहे. दोन्हीकडे मुदत साठ दिवस, आदेश कळवल्यापासून मोजायची. तेव्हा आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का लागतो.