गुलनार बोलली ती ग्रँट रोडला

(दृश्य : केनेडी ब्रिज. पुलाखालून जाणारी लोकल.)

रुळांवरून गाडी धडधडली की शेजारच्या स्टुडिओत आवाज घेणं अशक्य व्हायचं. म्हणून ‘आलम आरा’चं, भारतातल्या पहिल्या बोलपटाचं, बरंचसं शूटिंग रात्री, गाड्या बंद झाल्यावर उरकलं. साल १९३१. त्यानंतर दोनच वर्षांत ‘आलम आरा’ काढणाऱ्या त्याच इंपीरियल फिल्म कंपनीचा फारसीतला पहिला बोलपट आला, ‘दुख्तर-ए-लोर’. म्हणजे इराणी सिनेमाला वाचा फुटली ती तेहरानमध्ये नाही, मुंबईत! ‘आलम आरा’चं नाव आपल्या तोंडी असतं, याचं कुणी काढतही नाही.

(दृश्य : छायाचित्रं.)

हे अर्देशीर इराणी, इंपीरियलचे मालक. जन्म पुण्याचा. आणि हा तरुण अब्दुलहुसेन सेपंता. मुंबईत पारशी विद्वान दीनशा इराणींच्या सहवासात प्राचीन इराणचा अभ्यास करत होता. कथा त्याचीच, नायकही तोच.

नायिका मात्र मिळेना. फारसी बोलणारी आणि वर कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी बाई आणायची कुठून? शेवटी स्टुडिओतल्याच एका कर्मचाऱ्याची बायको तयार झाली. रुहंगीज सामीनेजाद, मूळची इराणमधल्या केरमानची. तिचे केरमानी हेल काही जाईनात. मग सेपंताने संहिताच तिच्या बोलीला जुळवून घेतली.

(दृश्य : चित्रपटातला प्रसंग, मूळ आवाजासह.)

तेहरान छान आहे म्हणतात, पण तिथली माणसं वाईट, असं रुहंगीजची गुलनार म्हणतेय. १९३३ साली तेहरानकरांनीच हा सिनेमा डोक्यावर घेतला.

दरोडेखोरांच्या तावडीतून सुटून गुलनार आणि नायक जाफर मुंबई गाठतात. मायदेशी नवी राजवट आली, घडी बसली, असं कळल्यावर परत जातात. इराणच्या नव्या शहाची, रझाशाहची जाहिरातच म्हणा ना! तरी पुढे सेपंताच्या ‘फिरदौसी’ या कवीवरच्या चित्रपटातला गझनीचा सुलतान महमूद रझाशाहला रुचला नाही, आणि दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली.

‘आलम आरा’ची प्रत आज कुठेच नाही. गुलनार मात्र अजून पाहता येते.

पडद्यावर आली म्हणून रुहंगीजच्या वाट्याला शिव्याशाप आले. ती एकाकी जगली, १९९७ मध्ये गेली. १९३६ साली शहाने हुकूम काढून बायकांची चादर, म्हणजे डोक्यापासून पांघरायचं वस्त्र, उतरवली. १९७९च्या क्रांतीनंतर पडद्यावरच्या नायिकेला घरात, नवऱ्यासमोरही डोकं झाकावं लागलं.

(दृश्य : गुलनारचा क्लोजअप. निवेदन नाही.)