दुबार शब्द

(शाळेची संगणक खोली. बाकावर वह्यांचा ढीग.)

या वह्यांत शब्द आहेत. मुलांनी आज्यांकडून, शेतावरून, बाजारातून वेचून आणलेले. उतरंड, शिंकाळं, तिफण. मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामसाठी यातून यादी करायची आहे. टाइप झाल्या दहा हजार नोंदी. दुबार पुष्कळ, कारण उतरंड सगळ्याच आज्यांना ठाऊक.

(पडदा. लूपच्या आत लूप, म्हणजे फेरीच्या आत फेरी.)

दुबार शोधायला इथे प्रत्येक नोंद बाकी सगळ्यांशी ताडली जातेय. दहा हजारांच्या जोड्या होतात ४,९९,९५,०००. यादी दुप्पट झाली की काम चौपट.

(भिंतीवर खण. मुलीच्या हातात चिठ्ठी.)

आता हे बघा. चिठ्ठीवर 'तिफण'. अक्षरांवरून ती एक ठरलेला हिशेब करते, उत्तर येतं सात. सातवा खण रिकामा. चिठ्ठी आत, शब्द यादीत. थोड्या वेळाने दुसऱ्या वहीतून पुन्हा तिफण येते. तोच हिशेब, तोच खण, आणि आत तिफण आधीच बसलेली. ही चिठ्ठी बाजूला. कधी एका खणात दोन वेगळे शब्द येतात, तेव्हा तेवढेच ताडायचे. याला हॅशिंग म्हणतात. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये एका टिपणात ही युक्ती मांडली होती.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला 'सेट' असाच चालतो, पण आलेला क्रम राखत नाही. आणि कोणाच्या वहीतून शब्द आधी आला, हे या मुलांना हवंच आहे. म्हणून पायथनचीच 'डिक्शनरी'. पायथनच्या ३.७ आवृत्तीपासून ती क्रम राखते.

(पडद्यावर दोन ओळी, अगदी जवळून.)

तरीही 'वाऱ्यावर' दोनदा उरला. एक शाळेत टाइप झालाय, एक घरच्या फोनवर. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. आपल्याला शब्द एकच दिसतो, संगणकाला दोन, त्यामुळे खणही वेगळे. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याचं जागतिक मानक. त्याचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची ठरलेली रीत, हा फरक मिटवत नाही. ताडण्याआधी दोन्ही रूपं एक करणारी ओळ आपणच लिहायची. मराठीत काम करणाऱ्यांशिवाय ती दुसरं कोण लिहिणार? नाहीतर बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली लाल रेघ.

मुलगी ती ओळ लिहिते. प्रोग्राम पुन्हा चालतो.

'वाऱ्यावर' आता एकदाच.