डबल बेस: दोष बोटांचा की घोडीचा?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘डबल बेस: वादन आणि अध्यापन, एक व्यवसाय’. तिकडे येतोच. पण आधी एक खदखद बाहेर काढू द्या. बेस (व्हायोलिनच्या घराण्यातलं सर्वांत मोठं वाद्य) अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांबद्दल ‘बोटांत ताकद नाही’, ‘कान कच्चा आहे’ असं बोलून सगळे मोकळे होतात. माझं म्हणणं, आधी वाद्य तपासा. बऱ्याचदा मूल निर्दोष असतं आणि घोडी, म्हणजे तारा पेलणारी लाकडी पट्टी, गुन्हेगार.

नटपासून (तारांच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत बेसच्या तारेची लांबी साधारण 105 सेंमी. व्हायोलिनची 33च्या आसपास. म्हणजे मोकळ्या तारेपासून पहिला अर्धस्वर व्हायोलिनवर पावणेदोन-दोन सेंमीवर येतो आणि बेसवर जवळजवळ 6 सेंमीवर. त्यामुळे खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं एवढीच बोटं वापरायची. तिसरं चौथ्याला टेकू देतं. बेसवादक आणि शिक्षक फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात हीच पद्धत पक्की केली. नटजवळच्या पहिल्या जागी पहिल्या ते चौथ्या बोटात 11 सेंमीचा ताण आणि पल्ला मिळतो फक्त एका पूर्ण स्वराचा. म्हणूनच ई, ए, डी, जी अशा तारा चौथ्या-चौथ्या अंतरावर, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेपासून चौथ्या स्वरावर, लावतात. त्याचा फायदा असा की जी मेजरचं अख्खं सप्तक हात न सरकवता वाजतं. पाचव्या-पाचव्यावर लावणारेही आहेत. त्यांच्याशी वाद नंतर, चहाच्या वेळी.

आता उंची. फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं दाबायच्या फळीच्या, घोडीकडच्या टोकाला पट्टी उभी धरा आणि फळीपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. स्टीलच्या तारांना जीखाली 5 ते 7 मिमी आणि ईखाली 8 ते 11 मिमी असेल तर माणूस वाजवू शकतो. शाळेच्या कोपऱ्यातून बाहेर काढलेल्या बेसवर हाच आकडा 10 आणि 15 निघाला, की ते वाद्य उरत नाही, व्यायामशाळा होते. आणि त्यावर कोवळ्या बोटांना रोज अर्धा तास!

याहून मोठा चोर नट, कारण तो कुणाला दिसतच नाही. तिथे तार आणि फळी यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. चार कार्डं आरामात जात असतील तर पहिला अर्धस्वर दाबताना अंगठ्याचा पिळा होणार, कारण टोकाजवळ तार सर्वांत ताठ असते. आणि नवशिक्याला आपण पहिले स्वर नेमके तिथलेच देतो! त्याची खाच कारागिराकडूनच खोल करून घ्या. घरी कानस चालवली आणि एक घास जास्त गेला, की मोकळी तार फळीवर खडखडते. घासलेलं लाकूड काही परत येत नाही.

घोडी झुकते तीही हळूहळू. खुंट्या पिळल्या की तारा तिचं डोकं फिंगरबोर्डकडे ओढतात. तारदानाकडची (तारांची खालची टोकं अडकवतात तो भाग) तिची बाजू वाद्याच्या पोटाशी, म्हणजे समोरच्या लाकडाशी, काटकोनात हवी आणि पाय पोटावरच्या ‘f’ आकाराच्या छिद्रांच्या आतल्या खाचांच्या रेषेत. तारा बदलायच्या त्या एकेक करून. चारही एकदम सोडल्या तर आतली दांडी, साउंडपोस्ट, पडू शकते. ती डिंकाने चिकटवलेली नसते, फक्त दाबाने उभी असते, घोडीच्या ‘जी’ तारेकडच्या पायाच्या किंचित मागे. फ्रेंच आणि इटालियन तिला ‘आत्मा’ म्हणतात. आत्मा पडलेलं वाद्य वाजतं, पण कसं, ते ऐकवत नाही.

हवा कोरडी झाली की पोट बसतं, तारा खाली येतात आणि खरखर सुरू. दमट झाली की पोट फुगतं, तारा वर. घोडीच्या पायांतल्या चक्रांचं काम हेच: तारा थोड्या सैल करायच्या आणि दोन्ही चक्रं सारखी फिरवायची. चक्रं नसतील तर कारागीर घोडीचा माथा कापतो, पण कमान तीच राखून. नाहीतर गज एकावेळी दोन तारांना लागतो. पोट आणि बाजू जोडणारी कडेची सांध उघडलीय का, ते बोटाच्या पेराने ठोकून ऐका, सैल ठिकाणी आवाज फटफटतो. घाबरू नका. सरस मुद्दाम कमी ताकदीचा लावतात, लाकूड फाटण्याआधी सांध सुटावी म्हणून.

दुसरा आरोप, ‘बेसवाले उशिरा येतात.’ मोकळी ई तार सेकंदाला 41 वेळा हलते. एक हेलकावा 24 मिलिसेकंदांचा, आणि कानाला स्वर कळायला असे अनेक लागतात. म्हणून व्यंजन आधी, स्वर नंतर: गज तारेत रुतवायचा, मग ओढायचा. गजाला लावायची राळ मऊ, एकाच दिशेने दोन-तीन हात. रगडायची नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

ऑर्केस्ट्राच्या निवडचाचणीत बहुतेकदा पडद्यामागून वाजवावं लागतं. एक कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना), बहुधा कुसेविट्स्की, व्हानहाल किंवा डिटर्सडॉर्फ या संगीतकारांचा. त्यानंतर ऑर्केस्ट्राच्या रचनांतले वेचे: बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतला तिसऱ्या भागातला ट्रिओ (मधला तुकडा), नवव्यातलं रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखा भाग), मोझार्टची चाळिसावी. वेचे अर्ध्या लयीत मेट्रोनोमवर बसवा, रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. कॉन्चेर्टो सोलो लागणीत, म्हणजे तारा एक स्वर वर लावून, वाजवायचा असेल तर वेगळ्या तारा लागतात आणि त्या बसायला काही दिवस जातात. आदल्या रात्री बदलू नका.

जागा मोजक्या, मोठ्या ताफ्यातही आठ बेस. म्हणून स्वतंत्र कामं धरावी लागतात: त्यासाठी गज आणि पिझिकाटो (बोटांनी तार छेडणं) दोन्ही, कॉर्डची चिन्हं वाचता येणं, इलेक्ट्रिक बेस हाताशी, आणि फोन आला की लगेच उत्तर. वाद्य ढकलायला टेकूच्या (वाद्य ज्यावर उभं राहतं तो खालचा दांडा) जागी चाक बसवा. पाठ एकच आहे.

ज्यांना वाद्य निवडायला मिळालं नाही त्यांनी इटालियन बेसवादक बोत्तेसिनी आठवावा. 1835 साली मिलानच्या संगीतशाळेत शिष्यवृत्तीच्या जागा उरल्या होत्या फक्त बासून (फुंकून वाजवायचं एक वाद्य) आणि बेसच्या. व्हायोलिन शिकलेल्या या मुलाने बेस उचलला आणि पुढे कैरोत व्हर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाचं संचालनही केलं.

शिकवणाऱ्यांसाठी एवढंच: पहिल्या तासाला स्वर नको. टेकूची उंची लावा, नट कपाळाच्या आसपास यावा. मग पट्टी, मग कार्ड. ज्यांनी आज वाद्यं आणलीत त्यांनी खाली थांबा, पट्टी माझ्या पिशवीत आहे. कार्डं मात्र तुमची तुम्ही काढा.