इशापूरची नळी, खडकीचे मीठ

(दृश्य : गॅरेजमधले कामाचे टेबल. आडवी ठेवलेली रायफल. कॅमेरा हळूहळू दस्त्याच्या गळ्यापाशी येतो.)

अमेरिकेतल्या एका घराच्या गॅरेजमध्ये टेबलावर ठेवलेली ही रायफल भारतात घडलेली आहे. दस्त्याच्या गळ्याशी असलेल्या पोलादी भागावर राजमुकुट, त्याखाली सम्राट सहाव्या जॉर्जची 'जी. आर. आय.' ही अक्षरे, मग इशापूर हे गावाचे नाव, १९४३ हे साल आणि शेवटी 'नंबर १ मार्क ३' या नमुन्याची खूण तारांकनासह ठोकलेली आहे. हिचे रूढ नाव ली-एनफिल्ड. महाराष्ट्रात मात्र ती 'थ्री-नॉट-थ्री' म्हणूनच ओळखली जाते, आणि पोलीस ठाण्याच्या पहाऱ्यावर किंवा एनसीसीच्या कवायतीत अनेकांनी ती खांद्यावर वागवलेली आहे. दस्त्याच्या पुढच्या भागातून आरपार गेलेला हा स्क्रूही पाहून ठेवावा. लाकडाला बळकटी देण्यासाठी तो इशापूरच्या कारखान्याने घातला, आणि कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी बनलेली रायफल जाणकार माणूस कोरीव अक्षरे न वाचताही याच स्क्रूवरून ओळखतो.

ती येथे कशी आली, हे थोडक्यात सांगता येते. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने जुन्या लष्करी बंदुकांची आयात थांबवली आणि १९८४ मध्ये संग्राह्य वस्तू म्हणून ती पुन्हा खुली केली. त्यानंतर भारतीय भांडारांतून निघालेल्या अशा रायफली पेट्या भरभरून इकडे आल्या. भारतात हा कॅलिबर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे हे माप, निषिद्ध गटात मोडतो व सामान्य नागरिकाला तो बाळगता येत नाही, त्यामुळे आपल्याच कारखान्यातल्या या वस्तूची निगुतीने केलेली दुरुस्ती पाहायची, तर परदेशातल्या अशा एखाद्या गॅरेजमध्येच यावे लागते.

(दृश्य : नळीच्या आतून बोअरस्कोपने, म्हणजे नळीत शिरणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने, घेतलेले चित्रण.)

आता पडद्यावर दिसतो आहे तो नळीचा आतला भाग. या नळीची लांबी सुमारे ६४ सेंटिमीटर आहे. तिच्या आतल्या भिंतीवर पाच खाचा कोरलेल्या असतात, आणि त्या डावीकडे वळत दर २५ सेंटिमीटरला एक पूर्ण वेढा घेतात. गोळी या खाचांमध्ये दाबली जाऊन स्वतःभोवती फिरू लागते व त्या फिरकीमुळेच हवेत सरळ जाते. एका खाचेची खोली मिलिमीटरच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढी असते, आणि येथे तेवढ्याच खोलीत गंजाने ठाण मांडलेले आहे. खाचेच्या तळाशी दिसणारा हा नारिंगी-तपकिरी थर, कडेला उठलेल्या या खपल्या, आणि त्यांच्या मधूनच दिसणारे काळे ठिपके नीट पाहावेत. थर आणि खपल्या काढता येण्याजोग्या आहेत. काळा ठिपका मात्र पोलादात पडलेला खड्डा आहे, आणि तेथले लोखंड केव्हाच निघून गेले आहे.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रायफलीच्या बाहेरच्या पोलादावर फारसा गंज नाही. बाहेरची आणि आतली हवा एकच, दमटपणाही एकच, तरी गंज आतूनच चढला आहे. त्याचे कारण या डब्यात आहे.

(दृश्य : पत्र्याचा जुना डबा. मूठभर काडतुसे. एका पुंगळीचा तळ जवळून.)

रायफलीबरोबर आलेल्या या काडतुसांच्या तळावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरे आहेत. 'के' म्हणजे किर्की, अर्थात पुण्याची खडकी. तेथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि या रायफलीसाठी लागणारी काडतुसे तेथे प्रचंड प्रमाणावर तयार झाली. पुंगळीच्या तळाशी मधोमध जी छोटी टोपी दिसते, तिच्यातल्या मिश्रणावर घोड्याचा आघात झाला की ठिणगी उठते. त्या काळी या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की ऑक्सिजन निघून जातो आणि पोटॅशियम क्लोराइड मागे उरते. हा क्षार आपल्या खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ आहे. प्रत्येक गोळीमागे त्याची अतिशय बारीक फवारणी नळीच्या भिंतीवर होते, आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला जसे पाणी सुटते, तसाच हा क्षारही हवेतला ओलावा ओढून घेतो. ओलावा, मीठ आणि लोखंड एकत्र आले की गंजाला आणखी काही लागत नाही.

हा दोष एकट्या खडकीच्या काडतुसांचा नव्हता. त्या काळात जगभरच्या बहुतेक लष्करी काडतुसांत हेच रसायन होते, कारण ते भरवशाचे होते आणि साठवणीत टिकत असे. गंजाचे खरे कारण मात्र पुष्कळ काळ कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. धूरविरहित दारूच्या जळण्यातून आम्ल तयार होते व तेच नळी खाते, असा सर्वसाधारण समज होता. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधले रसायनतज्ज्ञ विल्बर्ट हफ यांनी तो खोडून काढला. दोषी हा क्षार आहे, हवा कोरडी असेपर्यंत तो निरुपद्रवी राहतो, दमटपणा वाढला की कामाला लागतो, आणि वरून दिलेल्या तेलाच्या थराखालीही त्याचे काम चालूच राहते, असे त्यांनी दाखवून दिले. यातली शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, आणि आजही अनेक हौशी मंडळी नेमकी तीच विसरतात. मीठ तेलात विरघळत नाही. गोळ्या झाडून झाल्यावर नळीला नुसते तेल देणारा माणूस मिठावर झाकण घालत असतो. या रायफलीच्या नळीत तेलही सापडले आणि भांडारात ठेवताना भरलेले घट्ट ग्रीसही सापडले. गंज त्यांच्या खाली होता.

सैन्याला मात्र कारण उमगण्याच्या आधीच उपाय ठाऊक होता. ब्रिटिश आणि भारतीय पलटणींमध्ये गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. पाण्याने क्षार विरघळून वाहून जाई आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होई. दस्त्याच्या टोकाला असलेल्या पितळी झडपेच्या आत तेलाची लहान कुपी आणि पुल-थ्रूची दोरी ठेवण्याची सोय याच शिस्तीचा भाग आहे. (दृश्य : झडप उघडते; दोरी, तिच्या टोकाचे पितळी वजन, कुपी.) वजन नळीत सोडायचे, दुसऱ्या टोकाच्या फासात फ्लॅनेलची चार बाय दोन इंचांची चिंधी अडकवायची आणि दोरी एका दमात ओढायची, ही कृती लाखो शिपायांच्या हातांत बसलेली होती.

(दृश्य : रायफल उघडण्याचे काम.)

कामाला सुरुवात करताना चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) आणि मॅगझिन (काडतुसे साठवण्याची पेटी) रिकामे असल्याची खात्री आधी डोळ्यांनी आणि मग बोटाने केली जाते. त्यानंतर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा सरकता दांडा, काढून बाजूला ठेवला जातो. तो याच रायफलीला बेतून बसवलेला असल्यामुळे त्यावरचा क्रमांक ताडून पाहिला जातो. पुढचा टप्पा थोडा सावकाश पाहावा. नळी लाकडातून मोकळी करायची असेल, तर आधी पुढचे लाकूड उतरवावे लागते, मागचा दस्ता कदापि आधी फिरवायचा नाही. दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब स्क्रूचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेले असते, आणि क्रम चुकला की ते फिरताना लाकूड आतून चिरते. बाजारात येणाऱ्या किती तरी रायफलींच्या लाकडात ही चीर असते. ऐंशी वर्षे टिकलेले लाकूड केवळ उतावीळपणामुळे फुटावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

नळीत सर्वांत आधी जाते ते उकळते पाणी. गंज काढण्यापूर्वी क्षार काढणे भाग आहे, नाही तर साफ झालेल्या पोलादावर काही दिवसांतच नवा गंज धरतो. काही जण या पाण्यात अमोनिया घालतात आणि त्याने क्षार 'मारला' जातो असे सांगतात. येथे मारण्यासारखे काही नाही. मीठ विरघळवायचे आहे, आणि ते काम साधे पाणी पुरतेपणी करते. नळीच्या तोंडातून बाहेर पडणारे हे पाणी आधी चहासारखे लालसर दिसते आणि हळूहळू निवळत जाते.

मग ग्रीस पूर्ण धुऊन काढून, गंजाच्या फटींत शिरणारे भेदक तेल देऊन नळी रात्रभर ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी ब्राँझच्या तारांचा ब्रश फिरवला जातो. ब्राँझ गंजापेक्षा कणखर पण पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे खपल्या निघतात आणि खाचांच्या कडा शाबूत राहतात. पोलादी तारांचा ब्रश या टेबलावर नाही, आणि तो असूही नये. ब्रश चेंबरच्या बाजूनेच आत जातो, पार पलीकडे बाहेर पडतो आणि मगच परत ओढला जातो. नळीचे तोंड, म्हणजे गोळी जेथून शेवटचा स्पर्श करून निघते ती कड, सफाईच्या सळईने घासली गेली तर नेम कायमचा बिघडतो.

(दृश्य : उभी केलेली नळी. तोंडातून वर येणारा फेस.)

एवढे करूनही खाचांच्या तळाशी घट्ट बसलेला थर निघत नाही, आणि त्याच्यासाठी ही विद्युत मांडणी केलेली आहे. चेंबर रबरी बुचाने बंद करून नळी उभी धरली आहे. तेलाचा अंश राहिला तर वीज नीट वाहत नाही, म्हणून ती आतून पुन्हा धुऊन घेतली आहे. चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून ते द्रावण तोंडापर्यंत भरले आहे. मधोमध साध्या लोखंडाची सळई आहे आणि ती भिंतीला कोठेही टेकू नये म्हणून ठरावीक अंतरावर तिला विजेच्या कामाची टेप गुंडाळली आहे. बॅटरी चार्जरची ऋण तार नळीला आणि धन तार सळईला जोडली जाते. ही जोडणी दोनदा तपासली जाते, कारण तारा उलट लागल्या तर सळईऐवजी नळीच झिजू लागते. सळई स्टेनलेस स्टीलची वापरायची नाही, तिच्यातून क्रोमियमचे विषारी संयुग द्रावणात उतरते. गॅरेजचे दार उघडे आहे ते हायड्रोजन वायू साचू नये म्हणून.

प्रवाह सुरू होताच नळीच्या भिंतीवर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. गंजाच्या थराचे रासायनिक रूप बदलते, तो काळा आणि भुसभुशीत होतो व पोलादावरची पकड सोडतो. खड्ड्यांच्या तळाशी दडलेला क्लोराइडही धन टोकाकडे ओढला जाऊन द्रावणात येतो, आणि ब्रशने हे कधीच साधले नसते. सुरुवातीला पांढरा असलेला फेस आता नारिंगी आणि मग मातकट होतो आहे, तो कॅमेऱ्याने सलग टिपला आहे. हा उपाय घरगुती वाटला, तरी त्यामागचे शास्त्र संग्रहालयांचे आहे. १८६२ च्या डिसेंबरात केप हॅटरासजवळ बुडालेल्या 'मॉनिटर' या लोखंडी युद्धनौकेचा तोफबुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढण्यात आला. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये तो मोठ्या टाकीत ठेवून त्यातला क्षार याच तत्त्वाने काढला जातो. आम्लात बुडवून गंज झटपट जातो हे खरे, पण आम्ल गंजाबरोबर पोलादही खाते आणि नळीवरचा मूळ निळसर-काळा थर घेऊन जाते. तो थर १९४३ च्या कामगाराच्या हातचा आहे आणि पुन्हा बनवता येत नाही. म्हणूनच येथे द्रावणाचा एक ओघळही बाहेर आला तरी तो लगेच पुसला जातो.

(दृश्य : एकापाठोपाठ एक टेबलावर ठेवलेल्या चिंध्या.)

तास-दीड तासाने सळई बाहेर येते, तेव्हा तिच्यावर काळा चिखल जमलेला असतो. नळीतून निघणारी पहिली चिंधी शाईत बुडवल्यासारखी काळी आहे, पुढच्या चिंध्या राखाडी होत जातात आणि या शेवटच्या चिंधीवर पाच फिक्या रेघा उमटल्या आहेत. प्रत्येक रेघ म्हणजे एक कंगोरा, दोन खाचांमधला उंच भाग. सळई घासून हीच कृती पुन्हा केली जाते, आणि चिंधीवर काळे येणे थांबले की काम थांबवले जाते. चकाकी आणण्यासाठी घासण्याची पेस्ट वापरण्याचा मोह अनेकांना होतो. येथे तो टाळला आहे आणि ते योग्यच आहे, कारण चकाकीसाठी घासलेले पोलाद परत येत नाही. उकळत्या पाण्याची आणखी एक धार, कोरड्या चिंध्या आणि पातळ तेलाचा हात, एवढ्यावर नळीचे काम संपते.

बोअरस्कोपमध्ये आता खाचांच्या कडा स्पष्ट दिसतात, आणि काळे खड्डे जेथे होते तेथेच आहेत. नंतर झाडलेल्या गोळ्या शंभर यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत बसल्या. या खड्ड्यांमध्ये क्षार पुन्हा सहज साचतो, म्हणून खडकीची काडतुसे वापरली की त्याच संध्याकाळी नळीतून पाणी जाते, आणि दुसऱ्या सकाळी तेलाची चिंधी फिरवून तिच्यावर तपकिरी डाग येतो का, हे पाहिले जाते. डाग आला तर नरसाळे पुन्हा काढावे लागते.